डिपरला विझणारा दिवा

पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेला डार्विनकडे जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा आहे. वाटेत एका वस्तीपासून दुसरी वस्ती दोनदोनशे किलोमीटर लांब. रस्त्याला दिव्याचे खांब नाहीत आणि बऱ्याच पट्ट्यांत कडेला कुंपणही नाही. डांबरावरून वाहून आलेल्या थोड्याशा पाण्यावर कडेचं गवत हिरवं राहतं आणि दिवस मावळला की कांगारू तिथेच चरायला येतात. मोकळी सोडलेली गुरंही येतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर, तर नॉर्दर्न टेरिटरीत काही टप्प्यांवर १३०. ताशी १३०ने गाडी दर सेकंदाला ३६ मीटर पुढे जाते. जनावर दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ब्रेक लागायच्या आत पन्नास-सत्तर मीटर संपलेले असतात. डिपरचा, म्हणजे हेडलाइटच्या जवळच्या झोताचा, उपयोगी उजेड साधारण तेवढाच पडतो. गाड्या भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या शहराबाहेर अंधारात गाडी चालवू नका अशी अट करारातच घालतात, त्याचं कारण हेच.

ज्यांना रात्री जावंच लागतं, त्यांच्या गाडीला पुढे जनावराची धडक झेलणारा पोलादी बुलबार असतो आणि त्यावर जास्तीच्या दिव्यांची जोडी. या गरजेवर तिथे मोठा धंदा उभा राहिला आहे. बुलबारसाठी प्रसिद्ध असलेली एआरबी १९७५ साली मेलबर्नमध्ये सुरू झाली, गाडीच्या विजेची उपकरणं बनवणारी रेडआर्क १९७९ साली ॲडलेडमध्ये. चाकणला तयार होणारी महिंद्राची स्कॉर्पिओ-एन २०२३पासून ऑस्ट्रेलियात विकली जाते, म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यातून निघालेली गाडीही आता त्या रस्त्यांवर आहे. पण दिवा कोणत्याही कंपनीचा असो आणि गाडी कुठलीही असो, काम शेवटी येतं ते ऑटो इलेक्ट्रिशियनच्या, आपल्या भाषेत गाडीच्या वायरमनच्या, हाती.

एलईडी येण्याआधी हे जास्तीचे दिवे हॅलोजनचे असत. शंभर-शंभर वॅटचे दोन बल्ब मिळून चौदा-पंधरा अँपिअर खायचे आणि त्यातली बरीचशी वीज उष्णतेत जायची. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी तयार केला. त्यावर पिवळं फॉस्फर चढवलं की पांढरा उजेड मिळतो. या निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हॅलोजन एका वॅटमागे वीसेक ल्युमेन देतो, चांगला एलईडी शंभराच्या वर. त्यामुळे त्याच विजेत उजेड कितीतरी पटींनी वाढला आणि चूक झाली तर समोरच्याचे डोळे दिपण्याचा धोकाही त्याच मापाने वाढला.

म्हणून या कामातली खरी कारागिरी दिवा पेटवण्यापेक्षा तो वेळेवर विझवण्यात आहे. ऑस्ट्रेलियाचे वाहतूक नियम सांगतात की समोरून येणारं वाहन किंवा पुढे चाललेलं वाहन २०० मीटरच्या आत आलं की अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, बंद झाला पाहिजे. दोन गाड्या ताशी ११०ने समोरासमोर येत असतील, तर हे २०० मीटर सव्वातीन सेकंदांत संपतात. तेवढ्या वेळात हात दुसऱ्या बटणाकडे नेण्याची सवड कोणाला असणार? म्हणूनच जास्तीचे दिवे अप्परसोबतच लागले पाहिजेत आणि डिपर करताच त्याच क्षणी विझले पाहिजेत, असं कायदाच सांगतो.

ही शिस्त चार पिनांच्या एका छोट्या रिलेत बसवलेली असते. पिनांचे आकडे जर्मन प्रमाणातून आलेले आहेत आणि जगभरचे वायरमन तेच वापरतात. ३० नंबरला बॅटरीची पॉझिटिव्ह तार येते, ८७वरून ती दिव्याकडे जाते. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. कॉइलला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिअँपिअर पुरतात. तिच्यात वीज आली की ती पत्ती ओढून घेते आणि जाड तारेतले पंधरा अँपिअर सुरू होतात. कॉइलची बारीक तार गाडीच्या अप्परमधून घ्यायची आणि वाटेत केबिनमध्ये एक बटण ठेवायचं. दिव्याचा सगळा भार जाड तारेवर राहतो, पण हुकूम चालतो तो बारीक तारेचा.

इथेच ऑस्ट्रेलियातल्या वायरमनला एक सापळा ओळखावा लागतो. टोयोटा लँडक्रूझर, हायलक्स यांसारख्या अनेक जपानी गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत हेडलाइटला पॉझिटिव्ह थेट मिळतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. अशा गाडीच्या तीन पिनांच्या एच-४ कपलरला मल्टिमीटर लावला की चित्र उलटं दिसतं. अप्पर लागलेला असताना अप्परच्या पिनेवर जवळजवळ शून्य व्होल्ट येतात. डिपर केला की त्याच पिनेवर बारा व्होल्ट दिसतात, कारण अर्थ तुटलेला असतो आणि फिलामेंटमधून आलेला दाब तिथे तसाच उभा राहतो. हे न तपासता नेहमीच्या सवयीने एक टोक अप्परच्या तारेला आणि दुसरं बॉडीला दिलं, तर अप्परवर दिवे बंद आणि डिपरवर चालू असा प्रकार होतो. समोरच्या ट्रकवाल्यासाठी उजेड कमी करायला जावं, तर त्याच्या डोळ्यांवर झोत पडतो. उपाय सोपा आहे. ८५ अप्परच्या तारेला द्यायचं आणि ८६ पॉझिटिव्हला. पण त्याआधी मीटर लावायला हवा.

दुसरा सापळा तारेच्या मापाचा. आपल्याकडे दुकानात दीडची, अडीचची, चारची वायर मागितली की ते आकडे तांब्याच्या छेदाचे, चौरस मिलिमीटरचे असतात. ऑस्ट्रेलियात गाडीची वायर ‘सहा एमएम’ म्हणून विकली जाते, ती प्लास्टिकच्या आवरणासह मोजलेल्या जाडीवर. आतलं तांबं साधारण साडेचार चौरस मिलिमीटरच असतं. ‘चार एमएम’च्या वायरीत तर दोनपेक्षाही कमी. तिकडे गेलेला आपला माणूस हमखास फसतो तो या आकड्याला. तारेत दीड व्होल्ट पडले तर हॅलोजनचा उजेड साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटतो आणि चूक डोळ्यांना दिसते. एलईडीच्या आतलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, मात्र वॅट सांभाळतो. दाब कमी मिळाला तर तो जास्त अँपिअर ओढून घेतो. उजेड तसाच राहतो आणि तार मुकाट्याने तापत जाते. फ्यूज बॅटरीला लागूनच का बसवायचा, तेही यातूनच कळतं. फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. फ्यूजच्या अलीकडे तार घासून शॉर्ट झाली, तर तिला वाचवणारं कोणी नाही.

सांध्यांचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात आणि त्यावरून गाडी तासन्तास थरथरत जाते. कथिलाने जोडलेला सांधा अशा थरथरीत धोका देतो. कथिल तारेच्या बटांमध्ये झिरपतं, तेवढा तुकडा कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच तार तुटते. म्हणून जाणता कारागीर योग्य मापाचं थिंबल घेतो, रॅचेटच्या पकडीने दाबतो, सांधा ओढून पाहतो आणि त्यावर आतून गोंद असलेली नळी गरम करून आवळतो. चांगल्या दिव्यांना बहुधा रबरी सील असलेला दोन पिनांचा डॉइच कपलर येतो. मूळ तारेला चिमटा मारून फाटा काढणारे स्वस्त क्लिप हा कारागीर टाळतो, कारण त्यांची पाती तारेच्या बटा कापतात आणि त्या फटीत पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

नव्या गाड्यांनी आणखी अभ्यास करायला लावला आहे. अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर बसलेला असतो. दिव्याचा अर्थ थेट त्या टोकाला दिला, तर ती वीज सेन्सरच्या हिशेबात येतच नाही, म्हणून अर्थ चॅसिसला द्यायचा. काही हेडलाइटना वीज सलग न मिळता तुकड्या-तुकड्याने मिळते. तिथून रिले जोडला तर तो तडतडत राहतो. बऱ्याच एलईडी हेडलाइटच्या गाड्यांत तर अप्परची वेगळी तारच हाती लागत नाही. तेव्हा गाडीचा संदेश वाचून रिलेला स्वच्छ बारा व्होल्ट देणारा अडॅप्टर लागतो. एलईडी वीज कमी खातो, याचाही कधी त्रास होतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. त्या जागी एलईडी लावला की बल्ब गेला असं समजून गाडी इंडिकेटर भराभर मारू लागते.

स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर रेडिओतही खरखर करतो. ऑस्ट्रेलियात ट्रकवाले यूएचएफच्या ४० नंबरच्या चॅनेलवर एकमेकांना पुढच्या रस्त्याची खबर देतात. दिवे लावताच ती खबर ऐकू येईनाशी झाली, तर दिव्याने एका हाताने दिलेली सुरक्षितता दुसऱ्या हाताने काढून घेतली. म्हणून काम संपल्यावर रेडिओ लावून पाहणं हाही तपासणीचा भाग असतो. त्यानंतर इंजिन चालू ठेवून अप्पर, डिपर, पुन्हा अप्पर असं करून पाहायचं. केबिनमधलं बटण बंद असताना दिवे मेलेले राहतात ना, हेही बघायचं.

आपल्याकडे घाटात समोरून एलईडी बार लावलेली गाडी आली की वळणाची कडा दिसेनाशी होते. पोलीस आणि आरटीओ अशा दिव्यांवर कारवाई करतात, पण रस्त्यांवर ते दिसतच राहतात. पुष्कळ गाड्यांत हे दिवे थेट बटणाला जोडलेले असतात आणि डिपरशी त्यांचा काही संबंध नसतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेला एलईडी बल्ब हा त्याचाच भाऊ. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, त्यामुळे उजेड भलतीकडे उडतो. ऑस्ट्रेलियातही असा बल्ब रस्त्यावर नियमात बसत नाही. तिथल्या कारागिरीतून आपण घेण्यासारखं काही असेल तर ती महागड्या दिव्यांची जोडी नव्हे, डिपरसोबत दिवे विझवणारी रिलेची जोडणी. रिले आपल्याकडे कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि बारीक तारेला फारसा खर्च येत नाही. गाडीला दिवे बसवून घेताना उजेड किती लांब पडतो हे सगळेच विचारतात. त्याआधी वायरमनला डिपर करून दाखवायला सांगावं, आणि दिवे विझले नाहीत तर पैसे देऊ नयेत.