लोकप्रियतेचे आकडे कसे वाचायचे?

13 जून 2023 ची वर्तमानपत्रातली ती पानभर जाहिरात आठवते? ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे’. एका सर्वेक्षणाचा दाखला देऊन मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे यांना 26.1 टक्के आणि देवेंद्र फडणवीस यांना 23.2 टक्के पसंती दाखवली होती. केवढा गदारोळ झाला! दुसऱ्या दिवशी दोघांचे फोटो असलेली नवी जाहिरात आली.

पण फरक होता जेमतेम 2.9 टक्क्यांचा. हजार लोकांना अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडून विचारलं, तरी प्रत्येक आकडा सुमारे 3 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे एवढ्या नमुन्यावर पहिला कोण, हे सांगताच येत नाही. शिवाय दोघांची बेरीज 49.3. म्हणजे उरलेल्या निम्म्या लोकांनी या दोघांपैकी कुणालाच पसंती दिली नव्हती!

आपल्या मिरजगावचंच बघा. आपल्या कर्जत-जामखेड मतदारसंघात 2019 च्या विधानसभेला रोहित पवार राम शिंदेंविरुद्ध 43 हजारांहून जास्त मतांनी जिंकले. 2024 ला लढत त्याच दोघांत, जिंकले पुन्हा रोहित पवारच, पण फरक फक्त 1,243 मतांचा. दोघांच्या मिळून अडीच लाखांवर मतांत हा जेमतेम अर्धा टक्का. पेठेत, एसटी स्टँडवर कितीही माणसांना विचारलं असतं, तरी हा निकाल आधी कळला नसता. वाड्या-वस्त्यांवरच्या बायका, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तिथे भेटतच नाहीत.

म्हणून मित्रांनो, असा आकडा ग्रुपवर आला की पुढे ढकलण्याआधी एवढं विचारा: किती जणांना, कुठे, कधी, नेमकं काय विचारलं, आणि पैसे कुणी दिले?