थंडीत पिल्ले मरतात ती फक्त गारठ्याने नव्हे. कोंडलेले खुराडेही घेते बळी

बेळगाव : गेल्या डिसेंबरात आमच्या परसातल्या २५ पिल्लांपैकी ९ पिल्ले चार दिवसांत गेली. थंडी वाढली म्हणून आम्हीच खुराड्याच्या चारही बाजूंना प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला होता. पहाटे कागद सोडला तर तो आतून ओलाचिंब, खालचे तूस भिजलेले आणि डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास. शेजारच्या आजीने एकदाच आत डोकावून सांगितले, "गारठ्यानं न्हवं, कोंडून मेलीत बघ."

आजीचे खरे होते. थंडीच्या दिवसांत घरगुती कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांची हीच चूक होते. पिल्लांना ऊब लागते आणि खुराड्याला कोरडी, खेळती हवा लागते. ही दोन कामे वेगळी आहेत. ऊब टिकवायची म्हणून हवा बंद केली, की पिल्लांच्या श्वासाची वाफ आणि शिटेतली ओल आतच राहते. ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो आणि पिल्लांची छाती भरते.

ऊब किती आणि कुठवर?

नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचे. पाच-सहा आठवड्यांत पिसे भरली की बाहेरच्या उबेची गरज संपते. मात्र ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी, जिथे जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, तिथे रात्रीचा बल्ब आणखी थोडे दिवस ठेवावा लागतो. गोव्यात किनाऱ्याकडे तो लवकर काढला तरी चालतो.

२५ पिल्लांसाठी पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तीन फूट रुंद आणि दीड फूट उंच गोल करा. चौकोन नको. गारठ्यात पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. गोलाच्या मधोमध ६० वॅटचे दोन बल्ब जमिनीपासून फूट-दीड फुटावर टांगा. एक उडाला तरी दुसरा राहतो. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा हवा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब नुसत्या वायरला लोंबकळत ठेवू नका, साखळीने किंवा तारेने पक्का बांधा. तुसावर पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लेच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापत असतील तर ऊब जास्त आहे, बल्ब वर घ्या. सगळीकडे पांगून खात-पीत असतील तर बरोबर आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, ती फट शोधा. रात्री झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा बघाच.

रात्री वीज गेली तर? गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून गोलात ठेवा आणि वरून अर्धा गोल झाका. निखाऱ्यांची शेगडी मात्र बंद खुराड्यात कधीच ठेवू नका. तिच्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो, पिल्लांचा आणि दार लावून आत बसलेल्या माणसाचाही.

घरात खुडूक कोंबडी असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. एक कोंबडी १०-१२ पिल्ले पंखाखाली सहज सांभाळते. विकत आणलेली एक दिवसाची पिल्ले अंधार पडल्यावर हळूच तिच्या पोटाखाली सरकवली, तर बहुतेक वेळा ती आपलीच मानते. सकाळी लक्ष ठेवा. टोचत असेल तर पिल्ले वेगळी काढा.

खुराडे कसे बांधाल?

दहा मोठ्या कोंबड्यांना ५ फूट बाय ४ फूट जागा पुरते. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा, म्हणजे ओल चढत नाही. लांब बाजू दक्षिणेकडे करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दिवसभर ऊन आत येते. त्या बाजूला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. मोठ्या भोकाच्या जाळीने कोंबड्या आत राहतात, पण मुंगूस बाहेर राहत नाही. दाराला कडी हवीच.

वाऱ्याच्या बाजूची भिंत खालून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीपर्यंत पूर्ण बंद असावी. वर छपराखाली दोन बाजूंना ९ इंच ते एक फूट जागा जाळी लावून उघडी ठेवा. रात्री जाळीवर गोणपाटाचा पडदा सोडा, पण ही वरची जागा झाकू नका. उबदार, ओली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. वारा कोंबड्यांच्या अंगावर येत नाही. आमचे चुकले ते इथेच.

छपराला कौले उत्तम. नुसता पत्रा असेल तर रात्री त्याला आतून घाम सुटतो आणि थेंब खाली पडतात. पत्र्याखाली गवताचा पेंढा किंवा प्लायवूड बांधा. बसायचा दांडा दोन इंच रुंद, कडा घासलेला असावा. त्यावर बसलेली कोंबडी पोटाच्या पिसांनी पाय झाकून घेते.

तूस, पाणी, खाणे

खाली दोन-तीन इंच कोरडे भाताचे तूस पसरा. पहिले दोन दिवस त्यावर चुरगळून उलगडलेला कागद घाला, म्हणजे पिल्ले तूस खात नाहीत. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून चुरगळलेला. तूस रोज हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले रोज काढा. ओलीतच रक्ती हगवणीचा जोर वाढतो. तपासायची सोपी रीत : खाली बसा, पिल्लांच्या उंचीवर नाक न्या. तुम्हाला उग्र वास आला तर पिल्ले तो रात्रंदिवस घेताहेत.

पिल्ले आणल्यावर आधी गूळ घातलेले कोमट पाणी, मग तासाभराने मक्याचा बारीक भरडा. दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर खाद्य द्या. मागे शीट चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याने भिजवून पुसा, ओढू नका. थंडीत पिल्ले खातात जास्त आणि पाणी पितात कमी, म्हणून पाणी गार होईल तसे बदलत राहा.

लस टाळू नका

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एकदा शिरला की अख्खे खुराडे रिकामे होते आणि त्यावर औषध नाही. ५ ते ७ दिवसांच्या पिल्लांना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. पुढचे डोस जनावरांच्या दवाखान्यात विचारून ठरवा. लस बर्फात आणा. एका बाटलीत बहुधा शंभर किंवा जास्त डोस असतात आणि कालवल्यावर ती दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लस करून घेतलेली परवडते.

पिल्ले कुठली घ्यावीत? गावठी सगळ्यात काटक. जास्त अंडी हवी असतील तर बंगळूरची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा ग्रामप्रिया आहे. इंदूरकडच्या वाचकांना झाबुआची कडकनाथ जवळच मिळेल. जात कुठलीही असो, पहिला महिना सगळ्यांना सारखाच.

यंदा आमच्या खुराड्याचा प्लास्टिकचा कागद निघाला आणि गोणपाट आले. वरची फट उघडी आहे. पिल्ले पुन्हा २५ आणलीत. तीन आठवडे झाले, २४ आहेत. एक घार घेऊन गेली. तो दोष थंडीचा नाही, दुपारी जाळीचे दार उघडे टाकून डुलकी घेणाऱ्या आमचा.