बॉल पडला, पण पांढरा कुठे थांबला? पूलमधलं कौशल्य ओळखायचं कसं

मोबाइलवर येणाऱ्या पूलच्या रीलमध्ये बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो. बॉल उडी मारतो, दोन-तीन कुशनला आपटतो आणि अलगद पॉकेटमध्ये जातो. व्यावसायिक खेळाडूंचा अख्खा सामना बघायला घेतला की मात्र हिरमोड होतो. तिथे खेळाडू साधे, सरळ शॉट मारत असतात. मधेच एखादा खेळाडू समोरचा बॉल पॉट करायचा सोडून पांढरा बॉल हळूच दुसऱ्या बॉलमागे नेऊन ठेवतो. मग खाली कमेंट येते : 'घाबरला!'

खरं तर त्या सामन्यातला सगळ्यात अवघड शॉट बऱ्याचदा तोच असतो.

कॅरमची नजर इथे का चुकते?

संगमनेरच्या गल्लीत, होस्टेलवर किंवा गणपती मंडळाच्या मांडवात कॅरम खेळून मोठं झालेल्यांची नजर सोंगटीवर असते. ते बरोबरच आहे, कारण कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर पुन्हा हातात येतो आणि रेषेवर हवा तिथे ठेवता येतो.

पूलमध्ये ही सोय नाही. पांढरा बॉल जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट मारायचा. त्यामुळे प्रत्येक शॉटमध्ये दोन कामं एकदम करावी लागतात : रंगीत बॉल पॉट करणं आणि पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी सोयीच्या जागी थांबवणं. प्रेक्षक पहिलं काम बघतो, व्यावसायिक खेळाडूची कमाई दुसऱ्या कामात असते.

आक्रमण म्हणजे नेमकं काय?

नाइन-बॉल या लोकप्रिय प्रकारात टेबलावर १ ते ९ क्रमांकाचे बॉल असतात. पांढरा बॉल दर वेळी सगळ्यात लहान क्रमांकाच्या बॉलला आधी लागला पाहिजे आणि नियमात राहून ९ क्रमांकाचा बॉल पॉट करणारा ती रॅक जिंकतो.

एखादा खेळाडू प्रत्येक बॉल १०० पैकी ९० वेळा पॉट करतो असं धरू. ऐकायला भारी वाटतं. पण नऊच्या नऊ बॉल सलग पॉट होण्याची शक्यता निघते फक्त ३९ टक्के. तेच प्रमाण १०० पैकी ९८ असेल, तर ती ८३ टक्क्यांवर जाते. एका शॉटमागे एवढासा फरक, पण रॅकभर साचत गेला की निकाल फिरवतो.

हे ९८ टक्के येतात ते अवघड शॉट मारून येत नाहीत. पांढरा बॉल इतका नेमका थांबवायचा की पुढचा शॉट सोपाच उरेल. म्हणून चांगलं आक्रमण बघायला थोडं कंटाळवाणं वाटतं. खेळाडूला सारखे अचाट शॉट मारावे लागत असतील, तर बऱ्याचदा त्याचा आधीचा पांढरा बॉल चुकलेला असतो.

मग बचाव कशासाठी?

कधीकधी सोपा शॉट उरतच नाही. समजा, समोरचा बॉल १०० पैकी ४० वेळाच पॉट होईल असा आहे. मारला आणि चुकला, तर प्रतिस्पर्ध्याला मोकळं टेबल मिळतं आणि तो उरलेले बॉल साफ करून जातो. अशा वेळी खेळाडू 'सेफ्टी' खेळतो. पांढरा बॉल अशा जागी ठेवतो की प्रतिस्पर्ध्याला पुढचा बॉल थेट दिसूच नये, किंवा दिसला तरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असावा.

यात भित्रेपणा नाही, कारण नियम सेफ्टी खेळणाऱ्याच्या बाजूने आहेत. प्रतिस्पर्ध्याचा पांढरा बॉल योग्य बॉलला लागला नाही, तर फाऊल. लागला, पण त्यानंतर एकही बॉल कुशनला टेकला नाही किंवा पॉट झाला नाही, तरीही फाऊल. फाऊल झाला की 'बॉल इन हँड' मिळतो, म्हणजे पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवून खेळायची मुभा. इथे मात्र कॅरमच्या स्ट्रायकरसारखी चैन असते, तीही रेषेच्या बंधनाशिवाय. व्यावसायिक खेळाडूच्या हातात हे पडलं, की रॅक बहुतेक गेलीच समजायची.

सेफ्टी अवघड असते, कारण तिथे दोन बॉलचा वेग सांभाळायचा असतो. पांढरा बॉल आडोशाला थांबला, पण रंगीत बॉल दोन इंच जास्त सरकून पुन्हा दिसू लागला, तर सगळी मेहनत वाया.

दोन्हीत तरबेज कोण?

फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांचं नाव इथे हमखास निघतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात अर्ल स्ट्रिकलंड यांनी सेफ्टी खेळून ५ क्रमांकाचा बॉल रेयेस यांच्यापासून लपवला. रेयेस यांनी दोन कुशनचा आधार घेत तो बॉल नुसता गाठला नाही, तर पॉटही केला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १२० रॅक आधी जिंकण्याच्या लढतीत त्यांनी स्ट्रिकलंड यांना १२०-११७ असं हरवलं. इतक्या लांबलचक लढतीत फरक अवघ्या तीन रॅकचा.

पांढऱ्या बॉलवरच्या ताब्याची परंपरा महाराष्ट्रालाही नवी नाही. संगमनेरहून महामार्गाने दक्षिणेला गेलं की लागणाऱ्या पुण्यात १९२२ मध्ये विल्सन जोन्स जन्मले. त्यांनी १९५८ आणि १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीही हे विजेतेपद मिळवलं. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल असतात आणि आपला बॉल कुठे जाऊन थांबतो यावरच डाव चालतो. पूल वेगळा, पण मूळ विद्या हीच.

चांगला खेळ मोजता येतो का?

अमेरिकेतल्या 'अॅक्यु-स्टॅट्स' या संस्थेने त्यासाठी सोपी पद्धत रूढ केली. पॉट केलेल्या बॉलची संख्या घ्यायची आणि तिला 'पॉट केलेले बॉल अधिक चुका' या बेरजेने भागायचं. ४५ बॉल आणि ५ चुका असतील, तर आकडा येतो ०.९००. हा अव्वल दर्जाचा खेळ मानला जातो. चुकांमध्ये हुकलेल्या पॉटबरोबर पांढऱ्या बॉलची चुकलेली जागा आणि फसलेली सेफ्टीही धरतात. एक उणीव राहतेच : उत्तम सेफ्टीला या हिशेबात वेगळा गुण नाही. ती डोळ्यांनीच ओळखावी लागते.

बघताना काय करायचं?

पुढच्या वेळी सामना बघताना शॉटच्या आधी व्हिडिओ थांबवा आणि पांढरा बॉल कुठे थांबेल याचा अंदाज बांधा. शॉट झाल्यावर खेळाडूला टेबलाभोवती फार फिरावं लागलं का, पुढचा शॉट आधीपेक्षा सोपा झाला का, हे बघा. सेफ्टी झाली, तर प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभं राहून वाट शोधा. वाट सापडलीच नाही, तर कमेंटमध्ये 'घाबरला' लिहिण्याआधी एक लाइक द्यायला हरकत नाही.