मक्याच्या शेतातली भुतं

अमेरिकेत ऑक्टोबर महिन्यात लोक तिकीट काढून शेतावर भुतं बघायला जातात, हे ताईच्या फोनवरून मला बरीच वर्षं माहीत होतं. दरवर्षी ती मक्याच्या शेतातले आणि भोपळ्यांच्या ढिगाऱ्यापुढचे फोटो पाठवायची. गेल्या ऑक्टोबरात आई आणि मी बडोद्याहून तिच्याकडे, पेनसिल्व्हेनिया राज्यात, दीड महिना राहायला गेलो, तेव्हा स्वतः जाण्याचा योग आला. आपल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी आता तिकडे आहे. तुम्हीही कधीतरी ऑक्टोबरात जाल आणि घरातलं एखादं पोर हट्ट धरेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हॅलोवीन आणि शेत

हॅलोवीन असतो ३१ ऑक्टोबरला. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. याच सुमाराला आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा 'साविन' नावाचा सुगी संपल्याचा सण असे. उन्हाळा संपून काळोखे दिवस सुरू होताना मेलेल्यांचा आणि जिवंतांचा संबंध जवळ येतो, अशी तिथली समजूत होती. आपला पितृपक्षही भाद्रपदाच्या शेवटी येतो, तेव्हा ही कल्पना आपल्याला फार परकी वाटायला नको. एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि सणही बरोबर घेऊन गेले. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत भोपळे मुबलक आणि कोरायला सोपे, म्हणून सलगमची जागा भोपळ्यानं घेतली.

भोपळा आला तिथे शेतकरी आलाच. पण शेतकरी भुतांच्या धंद्यात कसा शिरला, हे कळायला दोन गोष्टी सांगते.

पहिली कॅलिफोर्नियातली. लॉस एंजेलिसजवळ बुएना पार्क इथे वॉल्टर नॉट यांचं बेरी फळांचं शेत होतं. १९३४ मध्ये त्यांची पत्नी कॉर्डेलिया तिथेच चिकनचं जेवण विकू लागली. जेवायला रांगा लागायला लागल्या. थांबलेल्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून नॉट यांनी १९४० मध्ये जुन्या ओसाड गावासारखं एक 'घोस्ट टाउन' उभं करायला घेतलं. १९७३ पासून तिथे हॅलोवीनच्या भीतीदायक रात्री सुरू झाल्या. आज ते मोठं करमणूक उद्यान आहे, पण नावात अजून 'फार्म' आहेच.

दुसरी गोष्ट ताईच्या घराजवळची. पेनसिल्व्हेनियातल्याच ॲनव्हिल गावात १९९३ मध्ये उभ्या मक्यात वाटा कापून डायनासोरच्या आकाराचा भूलभुलैया केला होता. आधुनिक 'कॉर्न मेझ'ची सुरुवात तिथपासून धरतात. आता अशी शेतं अमेरिकाभर आहेत. त्यासाठी मका नेहमीपेक्षा उशिरा पेरतात, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत ताटं उभी राहतात. उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी पेरल्यामुळे दाट भिंत तयार होते. रोपं लहान असतानाच नकाशाप्रमाणे वाटा मोकळ्या करतात.

कारण अर्थातच पैसा. लहान आणि मध्यम शेतकऱ्याला नुसत्या धान्यावर भागवणं तिकडेही कठीण आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या शेती गणनेत पर्यटनातून शेतकऱ्यांना मिळालेली रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर होती. २०२२ च्या गणनेत ती १२६ कोटींच्या घरात गेली. ही सगळी काही भुतांची कमाई नव्हे. त्यात फळं तोडणं, घोड्यावरची रपेट, शेतावरचा मुक्काम सगळं आलं. पण शरद ऋतूतले पाच-सहा आठवडे अनेक शेतांचं वर्ष तारून नेतात.

जावं की नाही?

आमच्या घरी प्रश्न वेगळाच होता. बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. घरात सणवार नव्हते. नवरात्रात बडोद्यासारख्या गावात राहून आम्ही गरब्याच्या मैदानाकडे फिरकलो नव्हतो. अशात भुतांचे खेळ बघायला जायचं?

त्यात माझी अकरा वर्षांची भाची. आजोबा गेल्याचं कळल्यापासून ती दिवा लावून झोपत होती. आणि आता वर्गातल्या मैत्रिणी शेतावर निघाल्या, म्हणून तिलाही जायचं होतं. ताई म्हणाली, "अंधाराला घाबरणारी मुलगी तिथे काय करणार?" भावजींचं मत पडलं की मैत्रिणींत मागे राहण्याचं दुःख त्याहून मोठं. दोन दिवस हा विषय जेवणाच्या टेबलावर होता. एके रात्री भाचीनं मला हळूच विचारलं, "मावशी, आजोबा भूत झाले असतील का गं?" मग मला कळलं की हे प्रकरण तिकिटापुरतं नाही.

शेवटी निर्णय आईनं दिला. "हा काही आपला सण नाही, पाळायला आणि मोडायला. पोरीला घेऊन चला. मीही येते."

शेतावर

लँकेस्टर काउंटीतलं ते शेत दिवसा आणि रात्री दोन वेगळी ठिकाणं असतात. दुपारी लहान मुलांचं राज्य. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून भोपळ्यांच्या वावरात जायचं, आपला भोपळा आपण निवडायचा, गरम ॲपल सायडर प्यायचं, त्याच सायडरचे ताजे डोनट खायचे. अंधार पडला की दुसरं तिकीट, दुसरं फाटक. तिथे लिहून द्यावं लागतं की आम्ही आमच्या जबाबदारीवर आत जातो. मग एक माणूस नियम सांगतो. भूत तुम्हाला हात लावणार नाही, तुम्हीही लावायचा नाही. पळायचं नाही. फोनचा उजेड पाडायचा नाही. आणि कुठेही नको वाटलं तर तसं सांगा, बाहेर नेण्यात येईल. अशा मधल्या दाराला तिकडे गमतीनं 'चिकन एग्झिट' म्हणतात, म्हणजे भित्र्यांचं दार.

जुन्या कोठाराचं भूतघर केलेलं होतं. मी, ताई आणि भाची आत गेलो. तिथली करामत पाहण्यासारखी असते. एका बाजूला काहीतरी हलतं, आपण तिकडे बघतो आणि दुसऱ्या बाजूची फळी धाडकन पडते. दाबाची हवा पायाशी फुसकन सुटते. यंत्रातून धूर येतो, दिवे लुकलुकतात. भूत नेहमी असं उभं राहतं की घाबरलेला माणूस मागे न पळता पुढच्या खोलीत जावा, म्हणजे रांग तुंबत नाही. आणि रांगेत पहिला असलेला वीर सहसा सुटतो. मधल्याला गाठतात.

तिसऱ्या खोलीत भाची थांबली. रडली नाही. म्हणाली, "मला बाहेर जायचंय." ताईनं तसं सांगताच समोरची नवरीच्या वेशातली मेलेली बाई क्षणात बदलली. साध्या आवाजात "ये, इकडून" म्हणाली, खिशातून चष्मा काढून घातला आणि टॉर्चच्या उजेडात आम्हाला बाजूच्या दारानं बाहेर सोडलं. सतरा-अठरा वर्षांची पोरगी होती. अशी कामं बहुतेक आसपासचीच कॉलेजची मुलं करतात.

बाहेर आल्यावर भाची पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "भुताला चष्मा लागतो." तिथून पुढे तिची कळी खुलली आणि गाडीवर बसायला ती स्वतःहून तयार झाली.

ही गाडी म्हणजे 'हाँटेड हेराइड'. गवताच्या गठ्ठ्यांवर सगळ्यांनी बसायचं आणि ट्रॅक्टर मक्यातून, झाडांतून अंधारात नेतो. कानटोपी घालून आई मधोमध बसली. वाटेत झाडे तोडायचा यांत्रिक करवत घेऊन एक राक्षस गाडीवर धावून आला. सगळे किंचाळले. त्या करवतीची साखळी काढून ठेवलेली असते, उरतो तो नुसता आवाज, हे ताईनं आधीच सांगितलं होतं. तरी मीही किंचाळले. पुढे ओळीनं बुजगावणी उभी होती आणि त्यातलं एक अचानक चालू लागलं. आई म्हणाली, "असा राखणदार असता तर पाखरं कशाला आली असती?" आणि मोठ्यानं हसली. बाबा गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

पैसे देऊन भ्यायचं कशाला?

हा प्रश्न डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनाही पडला. त्यांनी एका भूतघरात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि मजा किती आली ते विचारलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भीती अगदी कमी असेल तर कंटाळा येतो आणि फार झाली तर त्रास होतो. मधल्या पट्ट्यात मजा असते. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा. भाचीचा तिसऱ्या खोलीत संपला, माझा दोन-तीन खोल्यांनी पुढे संपला असता.

पण मजा यायला आणखी एक गोष्ट लागते. हा खेळ आहे आणि बाहेर जायला दार आहे, याची खात्री. हे दार नुसतं मनातलं नाही. १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उद्यानाच्या भूतघराला आग लागून आठ किशोरवयीन मुलं मेली. त्यानंतर अशा काळोख्या इमारतींसाठी नियम कडक झाले. पाण्याचे फवारे हवेत, धुराची सूचना देणारी यंत्रं हवीत. धोक्याची घंटा वाजली की दिवे लागले पाहिजेत आणि भुतांचे आवाज बंद झाले पाहिजेत. खोट्या भीतीला खऱ्या सुरक्षिततेचा आधार लागतो.

आपल्याकडची भुतं

आपल्याकडे भुतांना तोटा नाही. पिंपळावरचा मुंजा, हडळ, वेताळ, कोकण-गोव्याचा देवचार. डिचोली तालुक्यातल्या साळ गावी शिमग्यात गडोत्सव होतो, तोही रात्रीचा आणि अंगावर काटा आणणारा. पण तो श्रद्धेचा भाग आहे, करमणूक नव्हे. आमच्या बडोद्यात काळी चौदशीला गुजराती शेजारी घरातला 'ककळाट' काढायला चौकात वडे ठेवून येतात आणि मागे वळून पाहत नाहीत. लहानपणी त्या चौकातून जाताना आम्ही श्वास रोखायचो. त्यातही एक गोडी होती.

गोडी नसते ती दुसऱ्या प्रकारात. "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" म्हणतो, तेव्हा मुलाला बाहेर पडायचं दार आपण दाखवत नाही. आणि बाधा उतरवणारा बाबा घरातल्या आजारी सुनेच्या अंगातून भूत काढायला बसतो, तेव्हा तर दार बाहेरून बंद असतं. म्हणूनच अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१३ मध्ये, कर्नाटकानं २०१७ मध्ये आणि गुजरातनं २०२४ मध्ये कायदे केले. खेळातली भीती आणि धाकातली भीती यांतला फरक मुलांना सांगायला मला त्या शेतावरचा नियम फार उपयोगी वाटतो. 'नको' म्हटल्यावर जे थांबतं, तो खेळ.

परत येताना गाडीत भाचीनं तोच प्रश्न आजीला विचारला. आई म्हणाली, "भूत घाबरवतं. आजोबांनी तुला कधी घाबरवलं होतं का?" "नाही." "मग ते कसे भूत होतील?" भाचीला ते पटलेलं दिसलं. दिवा मात्र ती अजून लावूनच झोपते. झोपू दे.

जाणार असाल तर

लहान मुलं असतील तर दुपारीच जा, तेव्हा भुतं नसतात. रात्रीसाठी वयाची अट असू शकते, ती आधी बघून घ्या. शनिवारी गर्दी फार असते. शेत आहे, चिखल असतो, जुने बूट घाला. रात्री थंडी कडक पडते, स्वेटर हवाच. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी भूतघराच्या वाटेला जाऊ नये. आणि आत शिरण्याआधी मुलांना एवढं सांगाच, की मधूनच बाहेर आलं तरी चालतं. घरी कुणी हसणार नाही, याची जबाबदारी मोठ्यांची.