शिष्यवृत्तीचा संगणक – लेखांक ४ : यादीत नसलेली मुले

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर महाविद्यालयाच्या लिपिकाचे लॉगिन उघडले की समोर येते ती अर्ज भरलेल्यांची यादी. किती अर्ज तपासायचे राहिले, किती त्रुटीसाठी परत गेले, किती प्राचार्यांच्या लॉगिनला पोचले. लोणारसारख्या तालुक्याच्या गावी शिष्यवृत्तीचे काम बहुधा या यादीपाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते प्रगत शोधाचा, म्हणजे अनेक अटी जोडून केलेल्या शोधाचा, खरा उपयोग या यादीबाहेरची मुले हुडकण्यात आहे. ज्याने अर्जच भरला नाही त्याची पोर्टलवर नोंद कुठून असणार? ती असते प्रवेशाच्या नोंदींत. म्हणून शोध तिथे लावायचा आणि निकालातून अर्ज भरलेल्यांची नावे वजा करायची.

आता अट लिहिण्याचा प्रश्न. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अनुसूचित जाती (अजा) आणि अनुसूचित जमातींसाठी (अज) पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. ‘प्रवर्ग अजा किंवा प्रवर्ग अज आणि उत्पन्न २,५०,००० पर्यंत’ अशी सरळ अट टाकली, तर बहुतेक प्रणाली ‘आणि’ आधी सोडवतात. मग उत्पन्नाची अट जमातीच्या मुलांनाच लागते आणि अनुसूचित जातीची झाडून सगळी मुले यादीत येतात. दोन्ही प्रवर्ग एका कंसात घेतले की काम भागते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. जास्तीची नावे कोणीतरी खोडतोच. कोऱ्या रकान्याचे तसे नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला अजून हाती नसलेल्या मुलाचा रकाना कोरा राहतो आणि तो ‘२.५ लाखांपर्यंत’ व ‘२.५ लाखांहून जास्त’ या दोन्ही शोधांतून गळतो. कोणी ‘१,२०,०००/-’ असे टंकले असेल, तर संगणक त्या आकड्याला मजकूर समजतो आणि तोही निसटतो. म्हणून उत्पन्नाच्या अटीलाही वेगळा कंस करून त्यातच ‘किंवा उत्पन्न कोरे’ ही पुस्ती जोडावी आणि आकडे एकदा साफ करून घ्यावेत.

एवढ्याशा गावात लिपिकाला पोरे तोंडपाठ असतात, संगणक कशाला, असे कोणी म्हणेल. तोंडपाठ असतात ती खिडकीवर येणारी. बिबी किंवा सुलतानपूरहून एसटीने येऊन तास संपताच परतीची गाडी गाठणारी मुलगी त्यांत नसते. अर्ज भरणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी, हा दुसरा आक्षेप खराच आहे. पण जबाबदारी पार पाडायला आधी योजना आपल्याला लागू होते हे ठाऊक असावे लागते. सर्वांत वजनदार आक्षेप गुप्ततेचा. जात आणि उत्पन्न असलेली यादी फलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे गैरच. ती लिपिक आणि प्राचार्य यांच्यापुरतीच राहावी आणि निरोप ज्याचा त्याला स्वतंत्रपणे जावा. पहिला फोन अर्थातच कोऱ्या रकान्यांना, कारण दाखला निघायला दिवस लागतात आणि पोर्टलची मुदत कोणासाठी थांबत नाही.