विश्लेषण : उद्यानात रिमोटचे विमान उडवता येते का?

सुट्टीच्या दिवशी सकाळी मैदानावर किंवा उद्यानात एखादे फोमचे विमान घिरट्या घालताना दिसते. मुले त्याच्यामागे धावतात, मोठेही क्षणभर थांबतात. विक्रेता त्याला खेळणे म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र ते 'मानवरहित विमान' आहे. त्यामुळे ते कुठे आणि कसे उडवावे, याचे नियम आहेत.

कोणता कायदा लागू होतो?

केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम, २०२१' अधिसूचित केले. नावात ड्रोन असले, तरी वैमानिकाविना दुरून चालवले जाणारे विमानही त्यांच्या कक्षेत येते. २५ किलोपर्यंत वजनाचे, केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजनासाठी वापरले जाणारे आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे विमान 'मॉडेल' ठरते. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. मात्र या सवलतीमुळे बाकीचे नियम सुटत नाहीत.

वजनाने काय फरक पडतो?

२५० ग्रॅमपर्यंतचे विमान 'नॅनो', तर त्याहून जड पण २ किलोपर्यंतचे 'मायक्रो'. या दोन्ही गटांत हौसेसाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण २५० ग्रॅमची मर्यादा ओलांडली, की नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्याचे शुल्क १०० रुपये आहे. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही लागतो. नियमभंगाला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आकाशाचे रंग कोणते?

आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागलेले आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ८ किमीच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू असे दोन विमानतळ शहराच्या पोटातच आहेत, तर पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. त्यामुळे या शहरांतील अनेक मैदाने या वर्तुळांत सापडतात. घरातून निघण्यापूर्वी ऑनलाइन नकाशा पाहणे म्हणूनच गरजेचे.

नकाशा हिरवा असला की झाले?

नाही. आकाश केंद्राचे असले, तरी उद्यानाची जमीन पालिकेची असते. तिथे काय करू द्यायचे, हे उद्यान विभाग ठरवतो. तिसरा अधिकार पोलिसांचा. मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणास्तव ठरावीक मुदतीचे मनाई आदेश वेळोवेळी काढतात. त्यांत ड्रोन आणि पॅराग्लायडरसोबत 'रिमोट कंट्रोलवर चालणारी मायक्रोलाइट विमाने' असा स्पष्ट उल्लेख असतो. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. म्हणजे केंद्र, पालिका आणि पोलीस अशा तिन्ही ठिकाणी वाट मोकळी असेल, तरच विमान उडवता येते.

एवढी खबरदारी कशासाठी?

१ किलोचे विमान ताशी ५४ किमी वेगाने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ताशी १३० किमी वेगाच्या क्रिकेट चेंडूपेक्षा किंचित अधिकच असते. शिवाय पुढे फिरता पंखा आणि पोटात लिथियम बॅटरी. फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट असते. बाकावर बसलेल्या आजींच्या नसते.

मग हौशींनी काय करावे?

उद्यान विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी. गर्दी, झाडे आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या मैदानात उडवावे. वर खरे विमान वा हेलिकॉप्टर दिसले, तर वाट त्याची. आपले खाली आणावे. अपघात झाल्यास ४८ तासांत नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाला कळवणे बंधनकारक आहे. नवख्यांनी अनुभवी एरोमॉडेलरच्या देखरेखीखाली शिकलेले उत्तम. एनसीसीच्या हवाई शाखेत तर एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. हा छंद मुलांना हवेचा दाब, पंखाचा आकार आणि तोल हाताने शिकवतो. तो उद्यानांतून हद्दपार होऊ नये असे वाटत असेल, तर पहिली जबाबदारी रिमोट हातात धरणाऱ्याचीच आहे.