संशोधनाची करसवलत आटली. पवन-सौर कंपन्यांचं गणित कुठं बदललं?

सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या की गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘टॅक्स वाचवायला लावल्यात सगळ्या.’ त्यात तथ्य आहे, पण ती सवलत घसाऱ्याची. पवनचक्की किंवा सोलर प्लांटवर घसाऱ्याचा दर पूर्वी ८० टक्के होता, १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के झाला. हा फायदा यंत्र विकत घेणाऱ्याला. यंत्र सुधारणाऱ्यासाठी वेगळी सवलत होती, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ती होती १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३५(२एबी) ची. उत्पादन करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत संशोधनावर १ रुपया खर्च केला, की नफ्यातून २ रुपये वजा करता यायचे. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागायची. जमीन आणि इमारतीचा खर्च त्यात धरत नसत. एप्रिल २०१७ पासून दुपटीची दीडपट झाली. एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट.

मधल्या काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये, सरकारने कंपन्यांना २२ टक्के दराचा पर्याय दिला. अट एकच, अशा जादा सवलतींवर पाणी सोडायचं.

हिशेब मांडून बघू. सरचार्ज, सेस बाजूला ठेवा. संशोधनाचा खर्च धरण्याआधी एका कंपनीचा नफा १० कोटी. संशोधनावर तिने १ कोटी घातले, तर दुप्पट वजावट आणि ३० टक्के दराने कर व्हायचा २.४० कोटी, आता २२ टक्क्यांनी १.९८ कोटी. फायदाच झाला. पण तिनेच ३ कोटी घातले असते तर? पूर्वी १.२० कोटी, आता १.५४ कोटी. म्हणजे जी कंपनी प्रयोगशाळेत जास्त पैसा ओतते, तिलाच कर जास्त बसतो. बी.कॉम.च्या पोराला सुद्धा हे उलटं वाटेल!

वीज तयार करून विकणाऱ्या कंपन्यांना याची झळ फारशी नाही. टर्बाइन, पॅनल त्या विकत आणतात. उलट ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या कंपन्यांसाठी १५ टक्क्यांचा जो दर होता, त्यात वीजनिर्मितीही धरली होती. फटका बसतो तो पाती, इन्व्हर्टर, बॅटरी स्वतः विकसित करणाऱ्यांना.

नवख्या कंपनीची गोष्ट आणखी वेगळी. तिला सुरुवातीला तोटाच असतो, मग वजावट कशातून करणार? तोटा ८ वर्षं पुढे ओढता येतो, पण पगार आज द्यायचे असतात. अशांसाठी केंद्राने २०२५ मध्ये १ लाख कोटींची संशोधन निधी योजना आणली, ऊर्जा क्षेत्र त्यात आहे. दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज मिळू शकतं. मात्र कर्ज फेडावं लागतं. वाचलेला कर परत द्यावा लागत नव्हता.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनी एवढं बघावं: नवीन सुट्या भागाच्या चाचण्यांचा खर्च वेगळ्या खात्यात लिहून ठेवा. एकपट वजावट अजून आहे. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे क्रमांक बदललेत. सीएंकडे जाताना जुना नंबर सांगून घोळ घालू नका.